बोटीच्या पोटातले झाकण

बासरच्या घाटावरची होडी (कानडीत दोणी) पाणी घेते ती काठावरून नाहीतर फटीतून. इंग्लंडच्या कालव्यांतली, जेमतेम ७ फूट रुंदीची नॅरोबोट मात्र स्वतःच्याच इंजिनाने बुडू शकते! लेकाकडे गेलात तर ती सहलीला भाड्याने मिळते, परवानाही लागत नाही. म्हणून हे सांगणे.

मागच्या पंख्यात अडकलेले शेवाळ, दोर, प्लास्टिक काढायला वर एक पेटी असते. बोट उभी असताना पाणी पेटीतच राहते, त्यामुळे सैल झाकण ध्यानात येत नाही. पंखा फिरला, की पाणी उसळून इंजिनाच्या खणात. मागची बाजू दबते, हवेच्या जाळीतूनही पाणी शिरते. कित्येक कुटुंबांचे तर तेच घर!

हात घालण्याआधी इंजिन बंद, किल्ली खिशात. मग रबर पाहून झाकण घट्ट आवळावे, हळूच गिअर टाकून कडेने पाणी येते का पाहावे. उपसा पंपावर आमचा तरी भरवसा नाही. बॅटरी उतरली की तो गप्प.