इंजिन बांधायचं की बदलायचं?

जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या हार्टिंग भागात बीएमडब्ल्यूचा कारखाना १९८६ पासून चालू आहे. पत्र्याला आकार देण्यापासून रंगकाम आणि जुळणीपर्यंत सगळं तिथं होतं, आणि दिवसाला हजाराहून जास्त गाड्या बाहेर पडतात. इंजिन मात्र तिथं बनत नाही. ते तयार होऊन येतं. डिझेलची इंजिनं वर्षानुवर्षं ऑस्ट्रियातल्या श्टायर गावाहून येत आली. ज्या शहरात गाडी जन्माला येते तिथंही इंजिन ही बाहेरून आणून बसवायची वस्तू आहे. जुन्या गाडीचं इंजिन गेलं की इथले गॅरेजवाले याच नजरेनं त्याच्याकडे बघतात.

रेगेन्सबर्गमध्ये मराठी माणसं आहेत ती बहुतेक गाड्यांच्या धंद्यामुळेच. कुणी पुण्या-चाकणच्या कंपन्यांतून आलेलं, कुणी व्हिटेस्कोत लागलेलं (या कंपनीचं मुख्यालय इथलंच होतं, ऑक्टोबर २०२४ मध्ये ती शेफलरमध्ये विलीन झाली), कुणी ओटीएच या तंत्रशिक्षणाच्या विद्यापीठात मास्टर्स करणारं. अशांची इथली पहिली गाडी बहुधा जुनी असते. समजा, चार हजार युरोंत घेतलेली २००८ सालची डिझेल थ्री-सिरीज आहे आणि काटा दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेलेला आहे. जानेवारीतल्या एका गारठलेल्या सकाळी गाडी सुरू करताना इंजिनाच्या मागच्या अंगानं खरखर ऐकू येते. आठवडाभरात ती वाढते. घरी फोन होतो. कोल्हापूरचे काका म्हणतात, "अरे, इंजिन खाली घे आणि बांधून टाक. परत बघायला नको." इथला गॅरेजवाला मान हलवतो आणि सांगतो, बांधण्यात अर्थ नाही, दुसरं इंजिन शोधा.

माझ्या मते दोघंही बरोबर आहेत, पण आपापल्या गावापुरते.

आधी ती खरखर समजून घेऊ, कारण अर्धा निर्णय तिथंच होतो. बीएमडब्ल्यूनं २००७ मध्ये एन४७ नावाचं दोन लिटरचं डिझेल इंजिन आणलं. ॲल्युमिनियमचा ब्लॉक, १९९५ सीसी, ३२०डी मध्ये १७७ हॉर्सपॉवर, आणि ताकदीच्या मानानं डिझेल फार कमी पिणारं. दुखणं एका जागी होतं. टायमिंग चेन पुढच्या बाजूला न ठेवता मागे, गिअरबॉक्सच्या अंगाला ठेवलेली होती. ही चेन आणि तिचे मार्गदर्शक झिजले की ती सैल होऊन वाजायला लागते. तुटली, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि मग हेडसकट सगळंच जातं. चेन पुढे असती तर काम तुलनेनं सोपं झालं असतं. ती मागे असल्यामुळे गिअरबॉक्स तरी उतरवावा लागतो, नाहीतर इंजिनच बाहेर काढावं लागतं. त्यातही सुरुवातीच्या वर्षांच्या इंजिनांत चेन ज्या दातेरी चक्रावर फिरते ते क्रँकशी एकसंध होतं. त्याचे दात झिजले असतील तर सुटं चक्र मिळत नाही, आख्खा क्रँक बदलावा लागतो. पुढे २०१४ पासून एन४७ची जागा बी४७ या इंजिनानं घेतली.

आता भंगार-गाड्यांच्या यार्डातून त्याच वर्षाचं दुसरं एन४७ आणलं, तर ते काय घेऊन येणार? तीच चेन, तेच चक्र, आणि बहुधा तितकेच किलोमीटर. एका आजारी इंजिनाच्या जागी तोच आजार अजून उघडा न पडलेलं इंजिन बसेल. म्हणून "जुनं बांधू की दुसरं आणू" हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न, हे इंजिन कशानं गेलं? तेल कमी पडून बेअरिंग खाल्लं असेल, तर ते त्या गाडीच्या मालकाचं कर्म आणि दुसरं इंजिन त्यातून सुटलेलं असू शकतं. खोट मूळ रचनेतली असेल, तर दुसऱ्या इंजिनातही ती आहेच असं धरून चालावं.

कारण शोधायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. जाणता मिस्त्री आधी ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडतो. घड्यांत चांदीसारखी चकाकी दिसली तर बेअरिंग किंवा पिस्टन झिजतोय, आणि लोखंडाचे कण चुंबकाला चिकटतात. प्लॅस्टिकचे तपकिरी तुकडे सापडले तर चेनचे मार्गदर्शक मोडलेत. मग कॉम्प्रेशन. चारही सिलिंडरांचे आकडे थोडे कमी पण सारखे असतील, तर इंजिन म्हातारं झालंय एवढंच. तीन ठीक आणि एक पडलेला असेल, तर रोग एका जागी आहे. ग्लो प्लग काढून त्या भोकातून बारीक कॅमेरा आत सोडला की पिस्टनचा माथा दिसतो. इतकं झाल्यावर कितीदा तरी कळतं की इंजिन गेलेलंच नाही. टर्बोचं सील गळून सायलेन्सरमधून निळा धूर येतो आणि दोष रिंगांवर जातो. हेडचं गॅस्केट उडून पाण्यात तेल मिसळतं आणि मालक "इंजिन संपलं" म्हणून गाडी विकून मोकळा होतो. तपासणीला जर्मनीत दोन-अडीचशे युरो गेले तरी ते वसूल होतात.

आता हिशेब. आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत, पण प्रमाण खरं आहे. साध्या, कंपनीबाहेरच्या गॅरेजात तासाला शंभर युरोच्या आसपास मजुरी धरा. कंपनीच्या अधिकृत ठिकाणी ती दीडशेच्या वर सहज जाते. इंजिन काढायला-घालायला अठरा-वीस तास, म्हणजे दोन हजार. हा खर्च कुठल्याही वाटेनं गेलात तरी आहे. इंजिन पूर्ण उघडून, धुऊन, मोजून परत बांधायला आणखी पंचवीस तास. वर लेथवाल्याचं काम, म्हणजे क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, सिलिंडर होनिंग. वर पिस्टन-रिंग, बेअरिंग, चेन, पंप, गॅस्केटचा संच. हेडचे बोल्ट नवेच लागतात, कारण ते कोनात आवळल्यावर ताणले जातात आणि दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाहीत. एकूण सात हजारांच्या पुढे. गाडी चार हजारांची. जुनं इंजिन दोन हजारांत मिळालं, तर बसवून साडेचार-पाच हजार. चार हजारांच्या गाडीसाठी हाही आतबट्ट्याचाच व्यवहार, पण एवढ्या पैशात बाजारातून दुसरी अनोळखी गाडी आणण्यापेक्षा निदान ब्रेक, क्लच, पत्रा माहितीचा असलेली गाडी हातात राहते.

आणि जुनं इंजिन आणायचंच, तर चेन तेव्हाच बदलावी. इंजिन स्टँडवर उघडं उभं असताना चेनचा संच घालायला सुट्या भागांचे पैसे आणि काही तासच लागतात. तेच काम गाडीत बसवल्यावर करायचं झालं, तर उतरवण्या-चढवण्याचे दोन हजार पुन्हा जातात. ही सूचना गॅरेजवाल्यानं स्वतःहून केली तर माणूस भला समजावा. त्यासाठी टाळाटाळ करणाऱ्याकडून काम करून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुन्या इंजिनाला स्वतःचा काटा नसतो. विक्रेता म्हणतो एक लाख वीस हजार, आणि आपण मान डोलावतो. जर्मनीत निदान पडताळायची सोय आहे. ज्या गाडीतून ते काढलं तिचा चासी नंबर आणि शेवटच्या सरकारी तपासणीचा कागद मागावा. खासगी गाडीची ही तपासणी नवी असताना तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी होते, आणि कागदावर किलोमीटर लिहिलेले असतात. काटा मागे फिरवणं इथं २००५ पासून फौजदारी गुन्हा आहे. दुसरा प्रश्न, ती गाडी भंगारात का गेली? मागून ठोकली गेली असेल तर उत्तम, इंजिनाला धक्का लागलेला नसतो. "ठाऊक नाही" असं उत्तर आलं तर भाव कितीही कमी असो, पुढे चालावं.

कायदाही वापरावा. दुकानदाराकडून घेतलेल्या वस्तूला दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी लागू असते. जुन्या वस्तूसाठी ती एका वर्षावर आणता येते, मात्र २०२२ पासून हे गिऱ्हाइकाला आधी सांगून वेगळं मान्य करून घ्यावं लागतं. पहिल्या वर्षात दोष निघाला तर तो आधीपासून नव्हता हे सिद्ध करायचं काम विक्रेत्याचं. खासगी माणसाकडून घेतलं तर तो ही सगळी जबाबदारी झटकू शकतो. तीनशे युरो वाचवण्यासाठी कुणाच्या शेडमधलं इंजिन रोखीनं उचलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

तिसरी वाट इथं फार जुनी आहे. तुमचं मेलेलं इंजिन द्यायचं आणि कारखान्यात नव्यानं बांधलेलं तसंच दुसरं घ्यायचं. फोक्सवागननं हे १९४७ मध्ये सुरू केलं, कारण युद्धानंतरच्या जर्मनीत नव्या इंजिनासाठी कच्चा मालच मिळत नव्हता. हे इंजिन घेताना जुन्यासाठी अनामत ठेवावी लागते. कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असेल, तर ती अनामत बुडते, कारण त्या ब्लॉकचं पुढे काही होत नाही. इंजिन बांधणाऱ्या चांगल्या कार्यशाळांसाठी आरएएल-जीझेड ७९७ नावाचं गुणवत्ता-चिन्ह आहे. "जनरल ओव्हरहॉल" हे शब्द कुणीही छापू शकतो, म्हणून काय मोजलं आणि काय बदललं याची यादी मागावी. नुसतं धुऊन, रंग मारून, गॅस्केट घालून विकलेलीही इंजिनं बाजारात असतात.

आता काकांकडे वळू. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ, फाउंड्री आणि ग्राइंडिंगची दुकानं शेजारी-शेजारी आहेत. ऑइल इंजिन, ट्रॅक्टर, ट्रक यांची इंजिनं बांधणं ही तिथली रोजची गोष्ट. सकाळी क्रँक ग्राइंडिंगला टाकला की पुढच्या कामाला लागता येतं. मजुरी सुट्या भागांच्या मानानं थोडी आणि मिस्त्रीचा हात बसलेला. त्यात ट्रॅक्टर-ट्रकच्या कितीतरी इंजिनांत लायनर बदलायची सोय मुळातच ठेवलेली असते. पुन्हा बांधलं जाणार हे धरूनच ती घडवलेली असतात. तिथं "बांधून टाक" हा सल्ला पैशाच्या हिशेबानंही बरोबर ठरतो. तोच सल्ला तासाला शंभर युरो मोजणाऱ्या गावात दिला की चुकतो. काकांना मजुरीचा दर कळवला नव्हता, एवढंच.

कागदपत्रांचा फरकही आहे. आपल्याकडे आरसीवर इंजिन नंबर असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली नोंदीतला तपशील बदलेल असा फेरफार आरटीओला कळवून, मान्यता घेऊन करावा लागतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळालेलं इंजिन बसवलं आणि नंबर चढवलाच नाही, तर विम्याच्या वेळी आणि विक्रीच्या वेळी ते अंगावर येतं. आणखी धोका म्हणजे त्या इंजिनाचं मूळ. मेरठचा सोतीगंज बाजार डिसेंबर २०२१ मध्ये बंद पाडला गेला तो चोरीच्या गाड्या मोडून विकण्यावरूनच. पावती आणि इंजिन नंबर न देणाऱ्याकडून घेऊ नये. जर्मनीत नोंदणीचा आधार चासी नंबर, त्यामुळे त्याच प्रकारचं, त्याच ताकदीचं इंजिन बसवलं तर कागदांना हात लावावा लागत नाही. वेगळ्या प्रकारचं बसवलं तर तांत्रिक तपासणी करून नोंद करून घ्यावी लागते, नाहीतर गाडीचा रस्त्यावर यायचा परवानाच जातो. इथला मोह म्हणजे थोडं जास्त ताकदीचं इंजिन स्वस्तात मिळतंय म्हणून ते घालणं. तो टाळावा.

पैसे घालण्याआधी गाडी पुढे किती वर्षं चालवू देतील हेही बघायला हवं. म्युनिकनं फेब्रुवारी २०२३ मध्ये मिटलरर रिंग या रिंगरोडवर आणि त्याच्या आत युरो ४ आणि त्याहून जुन्या डिझेल गाड्यांना बंदी घातली. रेगेन्सबर्गहून म्युनिकला नियमित जाणाऱ्याला २००८ च्या डिझेल गाडीत पाच हजार युरो घालण्याआधी तिच्या नोंदीतला उत्सर्जनाचा वर्ग वाचणं भाग आहे.

आणि हिशेब कुठल्याच बाजूनं बसला नाही, तर गाडी आहे तशी विकता येते. इंजिन गेलेल्या गाड्यांना जर्मनीत वेगळा बाजार आहे. झेक सीमा रेगेन्सबर्गहून तासा-सव्वा तासावर, आणि अशा कितीतरी गाड्या मजुरी स्वस्त असलेल्या पूर्वेकडच्या देशांत जातात. तिथला मिस्त्री काकांचाच हिशेब मांडतो आणि इंजिन बांधून गाडी रस्त्यावर आणतो. विकताना करारात "इंजिन बिघडलेलं आहे" हे लिहून सही घ्यावी आणि चावी देण्याआधी गाडीची नोंदणी स्वतः रद्द करून यावी. नाहीतर कर आणि विम्याची पत्रं पुढेही जुन्या मालकाच्याच पत्त्यावर येतात.