परिचारिका आणि संगणकांतील नोंदवही

रुग्णालयांत खाटेशीं टांगलेला कागदी तक्ता आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलाच असेल. ताप, नाडी, दिलेलें औषध व त्याची वेळ हें सर्व परिचारिका त्यावर लिहिते. हीच नोंद आतां अनेक देशांत संगणकावर ठेवितात. तिचे लाभ उघड आहेत. अक्षर न लागल्यामुळें होणारी चूक टळते, व एकच नोंद डॉक्टर, परिचारिका आणि औषधालय यांस एकाच वेळीं पाहतां येते. असें असतां पुष्कळ परिचारिकांनीं तिला विरोध कां केला, याचा आम्ही येथें विचार करणार आहों.

अमेरिकेचें उदाहरण घेऊं. तेथें २००८ सालीं दर १०० रुग्णालयांपैकीं १० ठिकाणींही ही पद्धति नव्हती. २००९ सालीं कायदा होऊन, ती स्वीकारणाऱ्यांस सरकारी द्रव्यसाहाय्य मिळूं लागलें. २०१५ पर्यंत ९० हून अधिक रुग्णालयांकडे ती आली.

परिचारिकांस नोंदीचाच कंटाळा, असें कोणी म्हणेल तर तें खरें नव्हे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनीं १८६० सालींच सर्व रुग्णालयांनीं एकाच नमुन्याची नोंद ठेवावी, असा आग्रह धरिला होता. तक्रार आहे ती निराळीच. कागदावर जें एका ओळींत लिहून होई, त्यासाठीं संगणकाच्या पडद्यावर अनेक रकाने भरावे लागतात. क्षुल्लक कारणानेंही पडद्यावर धोक्याची सूचना झळकते, आणि वारंवार झळकणाऱ्या सूचनेकडे शेवटीं कोणाचेंच लक्ष राहत नाहीं. आजाऱ्याच्या मुद्रेकडे पाहण्याचा वेळ पडदा खाऊन टाकतो.

हा विरोध बोलून दाखविला तर उपकारक ठरतो. मुका राहिला तर घातक होतो. औषध देण्यापूर्वीं आजाऱ्याच्या मनगटावरील पट्टीचा बारकोड यंत्रास दाखवावा, म्हणजे ज्याचें औषध त्यासच मिळेल, अशी योजना अनेक रुग्णालयांत आहे. परंतु कोठें पट्टी भिजलेली वा फाटलेली असते, कोठें यंत्राची बॅटरी संपलेली असते, आणि इकडे आजारी तर वेदनेनें तळमळत असतो. अमेरिकेंतील संशोधकांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, अशा अडचणींतून सुटण्यासाठीं कांहीं परिचारिका त्या बारकोडची दुसरी प्रत काढून गाडीवर किंवा दाराच्या चौकटीवर चिकटवीत व तीच यंत्रास दाखवीत. यंत्र म्हणे, सर्व ठीक आहे. परंतु खाटेवर तोच मनुष्य आहे कीं नाहीं, हें यंत्रास कोठून कळावें? जी चूक टाळण्यासाठीं यंत्र आणिलें, तिलाच मागच्या दारानें वाट मिळाली.

या परिचारिका आळशी नव्हत्या, आजाऱ्यास औषध वेळेवर मिळावें म्हणूनच त्या धडपडत होत्या. त्यांची अडचण आधीं कोणी विचारिली असती, तर पट्टी न भिजणारी करतां आली असती व जादा बॅटरी हाताशीं ठेवितां आली असती. जेथें परिचारिकांस आरंभापासून सल्लामसलतींत घेतात, पुरेसें शिक्षण देतात व तक्रारीवरून यंत्रांत फेरफार करितात, तेथें विरोध पुष्कळ मावळतो.

आपल्या देशांतही २७ सप्टेंबर २०२१ रोजीं आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी आरंभ झाला. तेव्हां हा प्रश्न आपल्याही दारीं आला आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें अशीं यंत्रें घडवितील, तर कोणी परिचारिका होतील. पहिल्यांनीं एक रात्र तरी रुग्णालयांत बसून तेथील काम डोळ्यांनीं पाहावें. दुसऱ्यांनीं अडचण लपवूं नये, ती वरिष्ठांपुढें स्पष्ट मांडावी. आणि पालकांस एवढीच विनंति कीं, औषध देतांना परिचारिकेनें पुनःपुन्हां नांव विचारिलें, तर त्रासूं नये. यंत्र चुकलें तरी तो प्रश्न आजाऱ्याचें रक्षण करितो.