सायलेन्सर बदलला की नेमकं काय बदलतं?

350 सीसीची बुलेट जागेवर सुरू असते तेव्हा तिचं इंजिन मिनिटाला साधारण हजार फेरे घेत असतं. फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा पेट्रोल पेटतं, म्हणजे मिनिटाला पाचशे वेळा, सेकंदाला आठ वेळा. सेकंदाला वीसच्या आतले ठोके आपल्या कानाला सुटेसुटे ऐकू येतात; त्याहून वाढले की त्यांचा सलग सूर होतो. ज्या धडधडीवर पिढ्यान्‌पिढ्या भाळल्या, ती या हिशेबातून येते. गावोगावचे फॅब्रिकेटर आज पाइप कापून, वाकवून, जोडून मागाल तसा सायलेन्सर घडवून देतात, आणि बहुतेक गिऱ्हाईक येतं ते आवाजासाठीच. पण सायलेन्सर आणि त्याच्या आधीचा बेंड पाइप हे मुळात इंजिनाचेच भाग आहेत. आवाज हा त्यांच्या कामाचा फक्त ऐकू येणारा अंश आहे.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमधला वायू अजून चांगल्या दाबाखाली असतो. तो नळीत घुसतो आणि त्याच्या पुढे दाबाची एक लाट धावत सुटते. लाट आणि वायू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उभ्या मालगाडीला इंजिन येऊन धडकतं तेव्हा डबे जागचे हलण्याआधी धक्का शेवटच्या डब्यापर्यंत पोचलेला असतो, तसंच इथे होतं. तापलेल्या वायूत ही लाट सेकंदाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वेगाने जाते. नळीच्या उघड्या तोंडाशी पोचली की ती उलटते: दाबाची लाट गेली होती, ओढीची लाट परत येते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत आलेला आणि इनटेक व्हॉल्व्ह नुकताच उघडलेला, अशा क्षणी ही ओढ सिलिंडरच्या दाराशी आली तर ती उरलासुरला धूर खेचून घेते आणि ताज्या मिश्रणालाही आत यायला मदत करते. इंजिनाला फुकटचा पंप मिळतो.

अडचण वेळेची आहे. दहा हजार आरपीएमला, म्हणजे मिनिटाला दहा हजार फेऱ्यांना, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडल्यापासून या क्षणापर्यंत जेमतेम 3.8 मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात लाट दोन मीटर जाते, म्हणजे जाऊन परत यायला नळी एक मीटरची हवी. पाच हजार आरपीएमसाठी तीच नळी दोन मीटरची लागेल, आणि मोटारसायकलवर ती बसणार कुठे? एक मीटरचीच ठेवली तर पाच हजारांवर काय होतं पाहा. ओढीची लाट फार लवकर येते, व्हॉल्व्हच्या बाजूला आपटून पुन्हा निघते, पुन्हा उलटते आणि दुसऱ्या फेरीत दाब घेऊन परततो तो नेमका नको त्या क्षणी. बाहेर निघालेला धूर आत ढकलला जातो आणि पिकअप बसतो. हा हिशेब साध्या, सरळ, उघड्या नळीचा आहे. प्रत्यक्षात सायलेन्सरचे कप्पे, जाळ्या, वाढता-घटता व्यास यांमुळे तो पुष्कळ गुंततो. मुद्दा मात्र बदलत नाही: एक नळी एकाच टापूत इंजिनाला साथ देते. म्हणून तर यामाहाने 1980 च्या दशकात आपल्या वेगवान गाड्यांच्या नळीत आरपीएमप्रमाणे फिरणारी झडप बसवली.

गॅरेजमध्ये हमखास ऐकू येणारं एक वाक्य इथे तपासायला हवं: ‘इंजिनाला बॅक प्रेशर लागतंच.’ लागत नाही. बाहेर जाणाऱ्या वायूला अडवून कुठल्याही इंजिनाचं भलं होत नाही. मग मोठ्या व्यासाचा पाइप टाकल्यावर गाडी खालच्या आरपीएमला मेंगळट का होते? रुंद नळीत वायूचा वेग पडतो आणि लाटेची ओढ क्षीण होते म्हणून. अनुभव खरा आहे, लावलेलं कारण चुकीचं आहे. आणि कारण चुकलं की उपायही चुकतो: मिस्त्री पाइपात एखादी चकती ठोकून ‘बॅक प्रेशर’ देतो आणि गाडी आणखी बिघडते.

नळीच्या आकारात केवढी ताकद दडली आहे, हे पाहायचं तर टू-स्ट्रोककडे जावं लागतं. पूर्व जर्मनीतल्या चोपाउ इथे एमझेड कारखान्याच्या रेसिंग विभागात वाल्टर काडेन नावाचा अभियंता होता. कारखान्याकडे पैसा बेताचा, साहित्याची चणचण. फुगीर नळीची कल्पना त्याच्या आधीही होती. तिला शास्त्राची बैठक दिली काडेनने. इंजिनाकडून रुंद होत जाणारा शंकू ओढीची लाट परत पाठवतो, पुढे अरुंद होत जाणारा शंकू दाबाची. पहिली लाट धूर खेचते. त्या ओघात थोडं ताजं मिश्रणही नळीत निसटतं, आणि दुसरी लाट ते पोर्ट, म्हणजे सिलिंडरचं धूर बाहेर टाकणारं भोक, मिटण्याच्या आत सिलिंडरमध्ये परत कोंबते. नळीत एकही हलता भाग नसतो. 1961 साली त्याच्या 125 सीसी इंजिनाने 25 अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरमागे दोनशे. त्याच वर्षी त्याचा स्वार अर्न्स्ट डेगनर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळाला, हे ज्ञान सोबत घेऊन सुझुकीत गेला आणि 1962 मध्ये 50 सीसीचा जगज्जेता झाला. एका पत्र्याच्या नळीचं गणित शीतयुद्धाची सीमा ओलांडून जपानला पोचलं.

आपल्याकडे एस्कॉर्ट्सने बनवलेली यामाहा आरएक्स 100 याच घराण्यातली. 98 सीसीमधून 11 अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे शंभराहून जास्त. आजची 349 सीसीची बुलेट लिटरमागे साठही देत नाही. अर्थात बुलेट त्यासाठी बनलेलीच नाही. तिचा जोर चार हजार आरपीएमच्या आसपास आहे. आरएक्सच्या त्या लांब चकचकीत सायलेन्सरच्या पोटात शंकूच आहेत. तो कापून त्याजागी सरळ नळी लावणारा गाडीचं अर्धं इंजिनच कापून टाकतो.

आता घडवणाऱ्याच्या बाकाशी येऊ. या कारागिरीबद्दल मला मनापासून आदर आहे. स्टेनलेसचा पाइप नुसता वाकवला तर आतल्या बाजूला चेपतो, म्हणून चांगला कारागीर पाइपाच्या तिरप्या चकत्या कापतो आणि एकेक जुळवत बेंड उभा करतो. जोड ‘आर्गन वेल्डिंग’ने होतो. टाका बाहेरून कितीही सुबक दिसला तरी खरी परीक्षा आतून. वेल्डिंग करताना पाइपाच्या पोटातही आर्गन भरलेला नसेल, तर आतला तापलेला धातू हवेतल्या ऑक्सिजनने जळतो आणि टाक्यामागे काळी, खरखरीत, साखरेच्या खड्यांसारखी पुटं चढतात. तिथेच पुढे तडा जातो. पाइपाची दोन्ही टोकं टेपने बंद करून एकीकडून आर्गन सोडणारा फॅब्रिकेटर दिसला, तर तो कामाचा माणूस समजावा. 

दुसरी कसोटी उष्णतेची. 304 जातीचं एक मीटर स्टेनलेस 400 अंशांनी तापलं की जवळपास सात मिलिमीटर लांबतं. दोन्ही टोकं बोल्टने घट्ट आवळली तर ही वाढ जाणार कुठे? म्हणून रेसिंगच्या नळ्या एकमेकींत सरकत्या ठेवून स्प्रिंगने धरतात आणि मागचं टोक रबरावर टांगतात. शिवाय पाऊल, साइड स्टँड, ऑइल फिल्टर, खड्ड्यात वर येणारं मागचं चाक, या सगळ्यांपासून अंतर राखायचं असतं. फोटोत देखणी दिसणारी पुष्कळ कामं पहिल्या मोठ्या खड्ड्याला तोंड देऊ शकत नाहीत.

1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत मामला आणखी नाजूक झाला. त्यांच्या एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम अशा धातूंच्या सूक्ष्म थरावर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं निवळतात. त्याच्या आधी बसवलेला ऑक्सिजन सेन्सर धूर हुंगून पेट्रोलचं प्रमाण ठरवायला मदत करतो. सायलेन्सरसोबत कन्व्हर्टर गेला की विषारी वायू थेट मागच्या रिक्षातल्या पोराच्या नाकात जातो. जोड जरा गळका राहिला तर बाहेरची हवा आत शिरते, सेन्सर फसतो आणि गाडी विनाकारण पेट्रोल पिते. आणि एवढं करून मिळवायचं किती? वीस अश्वशक्तीच्या गाडीत पाच टक्के वाढ धरली, तरी ती एक अश्वशक्ती.

आवाजाच्या बाबतीत मी तडजोडीला तयार नाही. 175 सीसीवरच्या दुचाकीला मान्यता देताना साडेसात मीटरवरून मोजलेला आवाज 80 डेसिबलच्या आत लागतो. 80 ते 175 सीसीला 77. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दसपट झाली. सायलेन्सरमधली आवाज दाबणारी पुंगळी काढलेली गाडी रात्री दवाखान्यासमोरून जाते तेव्हा हा आकडा कोणाच्या तरी छातीवर आदळत असतो. कार्बुरेटरच्या गाड्यांत चालता चालता इग्निशन बंद-चालू करून ‘फटाके’ काढतात. न जळलेलं मिश्रण नळीत साठून तिथेच पेटतं, आणि त्यात सायलेन्सर फाटतो. कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ने कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करायला मनाई केली आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर आवाजाचा किंवा धुराचा नियम मोडल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग या कलेला जागाच नाही का? आहे, आणि चांगली आहे. शर्यतीच्या बंदिस्त ट्रॅकवर गाडी ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यातच धावते. तिथे त्या पट्ट्याला जुळवलेली नळी खरोखर सेकंद वाचवते. दुसरी जागा मला अधिक जवळची वाटते: जुन्या येझदी, जावा, आरएक्स. यांचे मूळ सायलेन्सर गंजून चाळण झालेत आणि अस्सल सुटा भाग मिळणं दुरापास्त. अशा वेळी जुन्या नळीचा व्यास, लांबी, शंकूंचे कोन, आतल्या जाळीची भोकंसुद्धा मोजून स्टेनलेसमध्ये हुबेहूब नक्कल करणारा कारागीर गाडीला नवं आयुष्य देतो. यात पैसा सार्थकी लागतो. रोज ऑफिसला जायच्या बीएस-6 गाडीला मात्र घडवलेला सायलेन्सर व्यवहार्य नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

तरीही करून घ्यायचाच असेल, तर फॅब्रिकेटरला आधी तीन गोष्टी विचारा: ही लांबी किती आरपीएमसाठी धरली, वेल्डिंगच्या वेळी आत आर्गन सोडता का, आणि कन्व्हर्टर व सेन्सर जागेवर राहणार का. तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर गाडी परत न्या. आणि मूळ सायलेन्सर भंगारात देऊ नका. आतून-बाहेरून कोरडा करा, तेलाचा हात फिरवा आणि पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा.