गाडीची उडी कोण आवरतो?

बालमित्रांनो, जुनी फियाट, म्हणजेच प्रीमियर पद्मिनी, 2023 पर्यंत मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावत होती. तिच्या पुढच्या चाकांना स्प्रिंगा, मागच्या चाकांना पोलादी पाटे. खड्ड्याचा दणका ते झेलतात. पण एकदा दबले की नाचतच राहतात. त्यांना आवरतो शॉक अ‍ॅब्सॉर्बर, गॅरेजच्या भाषेत शॉकअप! त्याच्या नळीत तेल आणि दट्ट्या असतो. बारीक छिद्रांतून तेल रेटताना उडीचा जोर उष्णता होऊन जिरतो.

शॉकअप कामातून गेला, तर चाक रस्ता सोडते. अशा चाकाला ब्रेक लावून काय उपयोग?

बाबांना सांगा, उभ्या गाडीचा कोपरा दाबून सोडा. गाडी दोन-तीनदा झुलली किंवा नळीवर तेल ओघळलेले दिसले, तर शॉकअप बदलायचा. तोही जोडीने, डावा नि उजवा. नाहीतर दोन्ही बाजू सारख्या वागत नाहीत. रबरी बुशांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर टेकल्यावरच पक्के आवळतात, म्हणजे रबर पिळवटत नाही.

आणि हो, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीच शिरायचे नाही. भक्कम स्टँड हवाच!