'खान' ही पदवी आणि 'खानदेश' हे नाव

अक्कलकुवा तालुक्यातील काठी हे गाव तेथील राजवाडी होळीमुळे आपणांस परिचित असेल. सातपुड्यातील हे जुने मेवासी संस्थान. त्याचे अधिपती लोकपरंपरेत 'राजे' म्हणून ओळखले जातात. पण ब्रिटिश अमदानीत त्यांचा मुलूख खानदेश जिल्ह्यात मोडत असे. या नावातील 'खान' कोण, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ काय?

आज 'खान' हे आपल्याला मुसलमानी आडनाव वाटते. मुळात ती मध्य आशियातील गवताळ प्रदेशातल्या भटक्या टोळ्यांची राजपदवी होय, आणि तिचा इस्लामशी संबंध नंतरचा आहे. चंगीझ खान मुसलमान नव्हता, हे येथे ध्यानात घ्यावे. 'कागान' हे तिचे थोरले रूप. इ. स. ४०२ मध्ये रौरान टोळ्यांच्या प्रमुखाने ते धारण केले. त्यांच्यानंतर तुर्कांनी ते उचलले. मंगोलियातील ओर्खोन नदीच्या खोऱ्यात आठव्या शतकातील तुर्की शिलालेख आहेत. त्यांत कागान म्हणजे टोळ्यांवर हुकमत चालविणारा सर्वोच्च सत्ताधीश, ज्याला राज्य आकाशदेवाने दिले आहे. हा शब्द मूळचा तुर्कीच आहे काय, यावर विद्वानांत मतभेद आहेत.

भारतात येईपर्यंत मात्र या पदवीची किंमत उतरली होती. झियाउद्दीन बर्नीने दिलेल्या उतरंडीनुसार दहा अमिरांवर एक मलिक आणि दहा मलिकांवर एक खान. म्हणजे खान हा मोठा सरदार खरा, पण त्याच्या वर सुलतान बसलेला. गवताळ प्रदेशात जो कोणाचाच चाकर नव्हता, तो दिल्लीत दरबारी झाला!

फारुकी घराण्याचा इतिहास या उतरंडीच्या प्रकाशात वाचावा. थाळनेरला सत्ता उभारणारा 'मलिक' राजा. त्याचा मुलगा 'नासिर खान'. प्रचलित व्युत्पत्तीनुसार गुजरातच्या अहमदशहाने त्याला खान ही पदवी दिली आणि त्याचा देश तो 'खानदेश' झाला. बढती मिळाली, पण देणाऱ्याचे वर्चस्व मान्य करूनच. पुढे राजा अली खानाने अकबराचे स्वामित्व स्वीकारल्यावर 'शाह' ही पदवी सोडून 'खान' हीच ठेवली. १६०१ मध्ये असीरगड पडल्यावर अकबराने मुलाच्या, दानियालच्या, नावावरून 'दानदेश' हे नाव दिले. ते लोकांच्या तोंडी रुजले नाही.

'खानदेश' हे 'कान्हदेश' यावरून आले असेही एक मत आहे. 'कान्ह' मधील महाप्राण पुढे सरकून 'ख' होणे ध्वनिदृष्ट्या अशक्य नाही. परंतु केवळ ध्वनिसाम्य हा पुरावा नव्हे. फारुकींपूर्वीच्या लेखांत ते रूप सापडले तरच हे मत बळकट होईल. पहिल्या मतामागे निदान दरबारी पदवीचा आधार आहे.

आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. 'आईन-इ-अकबरी'त नंदुरबार हे खानदेशचे नव्हे, तर माळवा सुभ्याचे सरकार म्हणून येते. काठीचा प्रदेश ज्या अर्थाने पुढे खानदेशात गणला गेला, तो अर्थ प्रामुख्याने १८१८ नंतरच्या ब्रिटिश जिल्हारचनेतून आलेला आहे. १९०६ मध्ये या जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, आणि काठी पश्चिम खानदेशात आले.