पुढे बर्फ, मागे वजन

लेक ओंटारिओ हे सरोवर हिवाळ्यात सहसा पूर्ण गोठत नाही, आणि त्याच्या पूर्वेला असलेल्या टग हिल पठाराचं दुखणं नेमकं तेच आहे. कॅनडाकडून येणारा कोरडा, थंड वारा या उघड्या आणि त्यामानाने उबदार पाण्यावरून येताना बाष्प उचलतो, पठार चढतो आणि तिथे बर्फ टाकून मोकळा होतो. न्यूयॉर्क राज्याच्या या भागात काही ठिकाणी एका हिवाळ्यात सरासरी पाच मीटरच्या आसपास बर्फ पडतो. लेक ईरीच्या काठी, बफेलोच्या दक्षिणेला, नोव्हेंबर २०२२ मधल्या एकाच वादळात काही वस्त्यांमध्ये दोन मीटर बर्फ साचला होता.

सार्वजनिक रस्त्यांची काळजी गावाचे आणि राज्याचे प्लाउ ट्रक घेतात. रस्त्यापासून घराच्या दारापर्यंतची वाट मात्र ज्याची त्याने साफ करायची. गावाबाहेरच्या घरांना ही वाट शंभर मीटर सहज असते, आणि पुष्कळदा खडीची. शंभर मीटर लांब, तीन मीटर रुंद वाटेवर तीस सेंटिमीटर बर्फ पडला की नव्वद घनमीटर होतो. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला शंभर किलो धरला तरी नऊ टन, म्हणजे उसाची एक भरलेली ट्रॉली. बर्फ ओला किंवा वाऱ्याने दाबलेला असेल तर आकडा दुप्पट-तिप्पट होतो. हे सगळं नोकरीवर जायच्या आधी, पहाटेच्या अंधारात उपसायचं असतं. थंडीने रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात आणि त्यातच हातांनी जोर लावून, श्वास रोखून फावडं मारलं की हृदयावर एकदम ताण येतो. म्हणूनच मोठ्या हिमवादळानंतर फावडं मारताना हृदयविकाराचा झटका आल्याच्या बातम्या तिकडे दर वर्षी येतात. साठीच्या पुढच्या माणसाला छोटा ट्रॅक्टर ही चैन वाटत नाही, ते यामुळे.

हे ट्रॅक्टर साधारण वीस ते चाळीस हॉर्सपॉवरचे. वजन सातशे किलोपासून दीड टनापर्यंत, डिझेल इंजिन, चारही चाकांना ताकद आणि पुढे उचल-बादली असलेला लोडर. क्लच आणि गिअरऐवजी बहुतेकांत हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन असतं. पायाखालचं पेडल दाबलं की पुढे, दुसरं दाबलं की मागे. बर्फ काढणं म्हणजे शेकडो वेळा पुढे-मागे करणं, त्यामुळे ही सोय फार मोलाची ठरते.

विक्रेते हॉर्सपॉवर सांगतात आणि गिऱ्हाईकही तेच विचारतं. माझ्या मते बर्फात हॉर्सपॉवर हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न वजनाचा: किती आहे, आणि कुठे आहे.

आपल्याकडे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातात, म्हणून पुढे लोखंडी वजनं लावतात. बर्फात हे गणित उलटं होतं. लोडरची बादली भरली की भार पुढच्या आसावर जातो आणि मागची चाकं हलकी होतात. ब्रेक बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांना फक्त मागच्या चाकांवरच असतात. आता अशी गाडी उतरणीला लागली, तीही फोर-व्हील न टाकता, की मागची चाकं निसटतात, ब्रेक दाबून उपयोग होत नाही आणि भरलेल्या बादलीसकट ट्रॅक्टर खाली घसरत जातो. फोर-व्हील टाकलेलं असेल तर पुढची चाकंही आसाच्या जोडणीतून रोखली जातात. म्हणून अनुभवी माणसं उतारावर फोर-व्हील काढत नाहीत, बादली जमिनीपासून हातभरच उचलतात आणि मागच्या लिफ्टला काहीतरी जड लटकवल्याशिवाय लोडरला हात लावत नाहीत. काहीजण त्यासाठी लोखंडी पेटीत काँक्रीट भरतात, काहीजण मागे पात्याचं अवजार जोडतात. ते वजन मागच्या आसाच्याही मागे असल्यामुळे तरफेसारखं काम करतं आणि पुढच्या आसावरचा भारही थोडा हलका करतं.

दुसरा उपाय आपल्या शेतकऱ्यांना परिचयाचा आहे: मागच्या चाकांत पाणी भरणं. पण उणे वीस अंशांत पाण्याचा दगड होतो. म्हणून तिथे पूर्वीपासून कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण भरतात. ते गोठत नाही, पाण्यापेक्षा जडही असतं, पण गळती झाली की चाकाची रिम गंजवून टाकतं. अलीकडे बीटपासून साखर काढल्यावर उरणारा घट्ट रस भरून मिळतो. तो पाण्यापेक्षा सुमारे तीस टक्के जड असतो आणि लोखंड खात नाही. किंमत जास्त, तरी माझा कौल त्यालाच. टायर पाऊण भरायचा आणि वर हवा ठेवायची.

वजनाइतकीच पकड महत्त्वाची. हिरवळीवर चालणारे गुळगुळीत टायर आणि बांधकामाच्या यंत्रांना असतात तसे रुंद खुरांचे टायर, दोन्ही घट्ट बर्फावर घसरतात. लोखंडी साखळ्या चढवल्या की तोच ट्रॅक्टर वेगळाच भासतो. फक्त साखळी आणि मडगार्ड यांच्यात पुरेशी जागा आहे ना, हे आधी पाहावं लागतं. आणि डांबरी वाटेवर साखळ्या चरे पाडतात, हेही मान्य करावं लागतं.

बर्फ हलवायचा कशाने, यावर तिथल्या माणसांचे गट पडलेले आहेत. मागचं पातं स्वस्त आणि साधं. तिरपं करून ओढत नेलं की बर्फ कडेला लागतो. पण जमीन गोठण्याआधी ते खडीही ओढून हिरवळीवर टाकतं, आणि मग एप्रिलमध्ये दाताळ्याने खडी वेचत बसायचं. त्यावर उपाय म्हणजे पात्याखाली बूट लावून ते दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवणं. लोडरच्या बादलीने सगळी वाट काढायला वेळ लागतो, पण एका जागी तिला पर्याय नाही. सरकारी प्लाउ ट्रक रस्ता साफ करताना प्रत्येक घराच्या तोंडाशी बर्फाचा बांध टाकून जातो. तो दाबलेला, मीठ मिसळलेला, जड असतो. तो बादलीनेच फुटतो.

बर्फ खूप पडतो आणि ढकलायला जागा नाही, तिथे स्नो-ब्लोअर हवा. सांगली-नाशिकच्या द्राक्षबागांत छोटा ट्रॅक्टर ज्या पीटीओवर, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या शाफ्टवर, फवारणीचा ब्लोअर चालवतो, त्याच मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या पीटीओवर हा चालतो. आडवा फिरणारा मळसूत्री दांडा बर्फ मध्यभागी ओढतो आणि त्यामागचा पंखा तो नळीतून लांब उडवतो. मागे जोडलेला ब्लोअर घेतला तर सगळी वाट मान वळवून रिव्हर्समध्ये काढावी लागते. महिनाभर हे केलेल्या मानेला त्याची किंमत कळते. पुढे जोडायचा ब्लोअर महाग पडतो, शिवाय त्यासाठी बहुधा लोडर काढून ठेवावा लागतो. दगड किंवा गोठलेलं वर्तमानपत्राचं भेंडोळं आत गेलं तर गिअरबॉक्स वाचावा म्हणून दांड्यावर मुद्दाम कच्चा बोल्ट ठेवलेला असतो, तो तुटतो. चार बोल्ट जवळ ठेवायचे. त्याजागी पक्का बोल्ट घालणं म्हणजे पुढच्या दगडाला गिअरबॉक्स देऊन टाकणं. आणि नळी तुंबली तर इंजिन बंद करून, सगळं फिरायचं थांबल्यावर, काठीनेच मोकळी करायची. ५४० फेऱ्या म्हणजे सेकंदाला नऊ. सैल मफलर किंवा बाही शाफ्टमध्ये अडकली तर माणसाला हात मागे घ्यायलाही अवधी मिळत नाही.

थंडी यंत्रालाही छळते. डिझेलमधलं मेण गार झालं की त्याचे कण धरतात आणि फिल्टर तुंबतो. म्हणून शरद संपता संपता टाकीत हिवाळी डिझेल भरतात. आपल्याकडेही लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं, ते याच कारणासाठी. रात्री इंजिन कोमट ठेवायला विजेचा हीटर लावतात, आणि सुरू केल्यावर हायड्रॉलिक तेल पातळ होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं काम सुरू करत नाहीत.

पातं, ब्लोअर, वजनाची पेटी हे सगळं ज्यावर लटकतं, ती मागच्या लिफ्टची तीन टोकांची जोडणी आयर्लंडमध्ये जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसनची. १९३८ साली त्याने हेन्री फोर्डशी केवळ हस्तांदोलनावर करार केला आणि पुढच्या वर्षी ही जोडणी घेऊन फोर्ड ९एन बाजारात आला. अवजाराचं वजन आणि मातीची ओढ मागच्या चाकांवर घ्यायची, ही त्यामागची बुद्धी. त्याच घराण्यातले जुने ट्रॅक्टर आजही कुठे कुठे बर्फ ओढताना दिसतात. भातखाचरांसाठी बनलेले जपानी छोटे ट्रॅक्टर नंतर आले. कुबोटाने १९६९ साली अमेरिकेत पाऊल टाकलं. मुंबईच्या महिंद्राने १९९४ साली टेक्सासमध्ये कंपनी काढली, आणि १५ ऑगस्ट २०२३ रोजी केपटाउनमध्ये दाखवलेली तिची ओजा ही छोट्या ट्रॅक्टरांची मालिका तेलंगणातल्या झहीराबादला तयार होते.

उन्हाळ्यात हाच ट्रॅक्टर पोटाखालच्या पात्यांनी गवत कापतो, झुडपं तोडतो, कुंपणाचे खड्डे घेतो, लाकडं वाहतो आणि हिवाळ्याने विस्कटलेली खडीची वाट पुन्हा सारखी करतो. वर्षभर असा उपयोग असेल तरच त्याची किंमत वसूल होते. वीस-पंचवीस मीटरची डांबरी वाट आणि छोटं अंगण असेल तर पायी ढकलायचा ब्लोअर पुरे. कर्ज काढून ट्रॅक्टर घेऊ नये. घेतलाच, तर डोक्यामागची लोखंडी कमान गॅरेजच्या दारात अडते म्हणून दुमडून ठेवायची सवय लावू नये. बाहेर आल्यावर ती उभी करायची आणि पट्टा बांधायचा. ट्रॅक्टर उलटला तर जीव वाचवणाऱ्या याच दोन गोष्टी आहेत, आणि त्या एकत्रच काम करतात. कमान दुमडलेली असताना मात्र पट्टा बांधायचा नाही, नाहीतर माणूस उलटणाऱ्या ट्रॅक्टरखाली अडकतो.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे काढलेला बर्फ ठेवायचा कुठे. तो रस्त्यापलीकडे ढकलायला अनेक राज्यांत कायद्याने बंदी आहे. म्हणून जमीन गोठण्याआधी, ऑक्टोबरातच, वाटेच्या दोन्ही कडांना उंच खुंट्या ठोकाव्यात, पाण्याचे नळ आणि विजेचे डबे खुणा करून ठेवावेत. डिसेंबरातला पहिला बर्फ आळस न करता वाटेच्या कडेपलीकडे दोन-तीन मीटर लांब न्यावा. कडेलाच सोडलेली रास गोठून दगड होते, पुढचा बर्फ तिच्या अलीकडे साचतो, आणि फेब्रुवारीत रुग्णवाहिकेला यायची वेळ आली तर तीन मीटरची वाट दोन मीटरची झालेली असते.