'आणि'आधीचा स्वल्पविराम

"आमचे मामा, गोपाळराव आणि सदाशिवराव पाडव्याला जेवायला येत आहेत," असा निरोप घरी आला, तर पाने किती मांडायची? गोपाळराव व सदाशिवराव हेच मामा असतील तर दोन. मामा निराळे असतील तर तीन. क्रियापदाला विचारावे तर तेही काही सांगत नाही, कारण मराठीत एकटे मामासुद्धा आदराने 'येत आहेत'च! घरात वाढणारीने करावे काय?

इंग्रजी लिहिणाऱ्यांनी या दुखण्यावर एक औषध काढले आहे. यादीतल्या शेवटच्या 'आणि'आधीही स्वल्पविराम द्यायचा. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाचा त्यावर कटाक्ष, म्हणून त्याला 'ऑक्सफर्ड कॉमा' म्हणतात. वृत्तपत्रांना मात्र तो बहुधा नको असतो. एवढ्याशा चिन्हावरून वाद कसले, असे कोणी म्हणेल. पण अमेरिकेतल्या मेन राज्यातील ओकहर्स्ट डेअरीचा खटला पाहा. कोणत्या कामांना जादा वेळेचा वाढीव पगार नाही, याची यादी तिथल्या कायद्यात होती. तिच्या शेवटी 'पाठवणीसाठी माल बांधणे' आणि 'वितरण' हे 'किंवा'ने जोडलेले; मध्ये स्वल्पविराम नाही. गाडीचालक म्हणाले, याचा अर्थ 'पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी माल बांधणे'. आम्ही माल बांधत नाही, नुसता पोचवतो. तेव्हा आमचा पगार टाका! २०१७ साली अपील न्यायालयाने संदिग्धतेचा लाभ त्यांना दिला आणि २०१८ साली ५० लाख डॉलरांवर तडजोड झाली.

मग मराठीतही हा स्वल्पविराम घ्यावा काय? रोजच्या लिखाणात नको, असे माझे मत आहे. तो परका आहे म्हणून नव्हे. मोडी लिहिणारे कारकून शब्दसुद्धा न तोडता ओळीच्या ओळी लिहीत; विरामचिन्हे एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांनी इंग्रजीच्या धर्तीवर रुळवली, आणि आता ती आपलीच झाली आहेत. अडचण निराळी आहे. 'आमचे मामा, गोपाळराव, आणि सदाशिवराव' असे लिहून पाहा. आता गोपाळराव हेच मामा आणि सदाशिवराव त्यांच्या सोबतीला, असाही अर्थ निघतो. तिघांचे पुन्हा दोघे!

आपल्या भाषेत याला घरचे औषध आहे. यादी संपली की मोजून टाकावी: 'मामा, गोपाळराव आणि सदाशिवराव असे तिघे'. 'शेव, चिवडा, चकली आणि लाडू असे चार जिन्नस' म्हटल्यावर वाण्यालाही शंका राहत नाही. दुसरी सोय 'व'ची. 'पुरी व श्रीखंड, वरण व भात आणि विडा' यात जोड्या 'व'ने बांधल्या, 'आणि'ने यादी संपवली. इंग्रजीला एका 'अँड'वर भागवावे लागते. आपण हाताशी दोन शब्द असून ते हवे तसे फिरवतो, याचे मला नवल वाटते.

थट्टेची बाब नसते ती मृत्युपत्रात. 'दागिने दोघी सुना आणि मुलगी यांना सारखे द्यावेत' – म्हणजे तीन वाटे, की निम्मे सुनांना व निम्मे लेकीला? सख्ख्या नात्यांत अबोला धरायला एवढे पुरते. तिथे स्वल्पविरामावर भिस्त न ठेवता 'तिघींना प्रत्येकी तिसरा हिस्सा' असे स्वच्छ लिहावे.

कलमे लांबलचक असतील आणि शेवटच्या कलमाच्या पोटातच एखादा 'आणि' दडला असेल, तर मात्र मीही 'आणि'आधी स्वल्पविराम देतो. विद्यार्थ्याने दिला तर गुण कापत नाही.